कान उघडे ठेव

फॉग क्रीकच्या स्की क्लबात डोंगर चढायला पाळण्याच्या खुर्च्या नाहीत. एक दोर आहे, दिवसभर मोटरवर पळणारा, जागोजागी लोखंडी चाकांवरून जाणारा. कमरेच्या पट्ट्याला अडकित्त्यासारखा चिमटा असतो. तो पळत्या दोरावर आवळायचा आणि ओढलं जायचं. चाक आलं की हात दोरावर नको, नाहीतर बोटं गेलीच म्हणून समजा. ही विद्या नोलीन मॅकरायनं एकतीस हिवाळे येईल त्या नवख्याला शिकवली. पोटापाण्याला ती मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीत स्वयंपाक करी. शनिवार-रविवार मात्र डोंगराचे.

"कान उघडे ठेव," ती सांगायची. "गॉगलवर बर्फ बसतं, डोळ्यांचा भरवसा नाही. पुढच्या चाकाची खटखट ऐक आणि हात काढ. कानावर काही नको."

म्हणून फॉग क्रीकवर हेल्मेट शिरलंच नाही. बाकीच्या डोंगरांवर लोक डोकी झाकायला लागले, इथे लोकरीची टोपी, तीही कानांच्या वर. शहरातला कुणी हेल्मेट घालून आलाच, तर जुनी मंडळी त्याला म्हणत, "जाण्याआधी बोटं मोजून ठेव बाबा." तो बिचारा ते काढून गाडीत ठेवून येई. नोलीनच्या गुरूनं तिला हेच शिकवलं होतं, त्याला त्याच्या गुरूनं. इतकी माणसं एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर ती खरी असणारच, असं आपल्याला वाटतं, आणि तिथेच आपण फसतो.

ॲलिस्टर तिचा पहिला विद्यार्थी. दोर शिकता शिकता त्यानं तिला मागणी घातली. दोन हिवाळ्यांपूर्वी उतरताना कडक बर्फावर त्याचा पाय सुटला आणि डोकं खडकावर आपटलं. घसरगाडीवर घालून नोलीननंच त्याला खाली आणलं. तो वाचला. चालतो, हसतो, टोस्टला दोन्ही बाजूंनी लोणी लावतो. फक्त नवीन काही त्याच्या डोक्यात राहत नाही. आत्ता सांगितलेलं आत्ताच जातं. डॉक्टर म्हणाले, हेल्मेटनं सगळं टळलं असतं असं छातीठोक सांगता येत नाही, पण मार कमी बसला असता.

तेव्हापासून नोलीन थकली. एका गोष्टीचं उत्तर दिवसातून वीस वेळा द्यायचं, त्याचे बूट घालायचे, गॅस बंद आहे का पाहायचं. शनिवारी शेजारीण त्याच्याजवळ बसे, तेवढीच सुटका. पूर्वी तिला चटकन राग यायचा. आता येत नसे. रागालाही अंगात जीव लागतो.

या हिवाळ्यात क्लबची सेक्रेटरी रोवेना हिनं ठराव आणला: हेल्मेटशिवाय दोराला हात लावायचा नाही. शनिवारी दुपारी, वाटाण्याचं सूप पिता पिता, क्लबच्या डोंगरावरच्या झोपडीतच मतं घ्यायची ठरली. सगळ्यांना पाहता यावं म्हणून रोवेनानं एक नवं हेल्मेट दाराशी खुंटीला टांगून ठेवलं होतं.

त्या सकाळी दोर सुरू करायची पाळी नोलीनची होती. वर कुणी नव्हतं. तिनं खुंटीवरचं हेल्मेट काढलं, घातलं, पट्टा आवळला आणि चिमटा दोरावर बसवला. पहिलं चाक आलं. खटखट. दुसरं, तिसरं, शेवटपर्यंत सगळी ऐकू आली. टोपीत यायची तशीच. वर पोचल्यावर ती बर्फात बसली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नुसतंच उठवेना.

दुपारी रोवेना बोलायला लागली तशी लिंडसेनं वाटी खाली ठेवली. हा क्लबातला सगळ्यांत जुना माणूस.

"पोरी, तू कागद वाचतेस, आम्ही दोर वापरतो," तो म्हणाला. "नोलीनलाच विचार की. अर्ध्या क्लबाला तिनं शिकवलंय. सांग गं, उघडे कान का लागतात ते."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. गप्प राहिली असती तरी कुणी बोट दाखवणार नव्हतं. थकलेल्या माणसाला गप्प राहणं फार सोपं.

"नाही लागत," नोलीन म्हणाली. "मी चुकीचं शिकवलं. हेल्मेटमध्येही सगळं ऐकू येतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी घालून गेले."

"कधी?"

"आज सकाळी. पाच मिनिटं लागली, लिंडसे."

लिंडसेनं वाटी पुन्हा उचलली. एकतीस वर्षांत त्या पाच मिनिटांचं काम कुणीच केलं नव्हतं, त्यानंही नाही. मग रोवेनानं हात वर करायला सांगितले. लिंडसेचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

नोलीन उन्हं असतानाच घरी आली. ॲलिस्टर खिडकीत बसला होता. शेजारीण गेल्यावर ती कोटसुद्धा न काढता त्याच्यासमोर बसली.

"ॲलिस्टर, टोपी घाल, हेल्मेट नको, हे तुला मी शिकवलं होतं. ते चूक होतं. माझ्यामुळे तुझं डोकं उघडं राहिलं."

त्यानं लक्ष देऊन ऐकलं. मग तिचा थंड हात दोन्ही हातांत धरला. "एवढंच ना? अगं, तुला काय माहीत होतं? जाऊ दे. तू मनाला लावून घेऊ नकोस."

दोन वर्षांत पहिल्यांदा तिला मोकळं रडू आलं. ती बराच वेळ रडली. तो तिच्याकडे बघत राहिला, मग काळजीनं पुढे वाकला.

"काय झालं गं?" त्यानं विचारलं. "कशाला रडतेस?"

नोलीननं डोळे पुसले आणि ती त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.