वामन मिस्त्रींनी सील तोडलं नव्हतं

आमच्या ट्रकच्या इंजिनात मूठभर तांदूळ सापडले, त्याला साठ वर्षं उलटून गेली. दोष वामन मिस्त्रींवर आला. तो माझा होता. मिस्त्री गेले, माझे वडील गेले, ट्रकसुद्धा भंगारात गेला. आता मीच उरलोय, म्हणून लिहून ठेवतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे ते दिवस. आम्ही लालबागला चाळीत राहायचो. वडिलांचा, म्हणजे तात्यांचा, एक डिझेल ट्रक होता. शिवडीच्या गोदामातून कापसाच्या गाठी उचलायच्या आणि लोअर परळच्या गिरणीत टाकायच्या, हा धंदा. एके दिवशी ट्रक काळा धूर ओकू लागला आणि चढावर दम टाकू लागला. (करी रोडच्या पुलावर एका म्हाताऱ्याने आम्हाला मागे टाकलं. त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.)

घोडपदेवच्या वामन मिस्त्रींनी बॉनेटला कान लावला.

"रिंगा गेल्या, पिस्टन गेले. ब्लॉक मात्र धडधाकट आहे. खोलतो, बोअर करतो, नवा माल घालून बांधून देतो. तीन आठवडे द्या."

दुसरा रस्ता एका कंपनीचा होता. आपलं जुनं इंजिन त्यांना द्यायचं आणि दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं जुनं इंजिन घ्यायचं. पण ते त्यांनी कारखान्यात पार सुटं करून, झिजलेला प्रत्येक भाग बदलून, चालवून तपासलेलं असे. दोन दिवसांत काम, वर सहा महिन्यांची गॅरंटी. माहितीपत्रक इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी येणारा मी एकटा. वय बावीस, गिरणीच्या ऑफिसात कारकून, यंत्राचा अनुभव सायकलपुरता (तोही कॅरियरवर बसून). मी पत्रक मोठ्याने वाचून दाखवलं. चार पानं होती. चौथ्याच्या आधी चहा आला.

"कंपनीचंच घ्यायचं," मी निकाल दिला. "शास्त्रशुद्ध आहे."

"मिस्त्री, तुमचं काय मत?" तात्यांनी विचारलं.

"कंपनीचा माल चांगलाच असतो, तात्या. घाई असेल तर बेलाशक घ्या. माझ्याकडे वेळ लागणार."

स्वतःचं काम हातचं जात असताना माणूस असं बोलला. घाई होतीच. आठवड्याभरात गाडी लागली नाही तर काम दुसऱ्याला, असं गिरणीने बजावलं होतं.

इंजिन आलं. राखाडी रंगाचं, चकचकीत. माथ्यावरच्या झाकणाला तार आणि तारेला शिशाचं सील. मिस्त्रींनी ते चाळीसमोरच दोन दिवसांत बसवलं आणि हत्यारं गाडीपाशी ठेवून ते तात्यांबरोबर शिवाजी पार्कच्या सभेला गेले. चाळच रिकामी झाली. राहिलो मी आणि पूजेचं तबक घेतलेली माझी आत्या.

"दत्ता, आतसून बघलंस?" आत्याने विचारलं.

"कंपनीने बघितलंय की."

"बांगडो घेताना कल्लो उघडून बघतंव मां? वरसून सगळाच चकचकीत आसता."

माशाचा कल्ला आणि इंजिनाचं झाकण यांत काही फरक असतो, हे त्या क्षणी मला सुचलं नाही. शिवाय शिफारस माझी होती. आत कुणाचं तरी गंजकं पोट निघालं तर तोंड माझं काळं होणार होतं. मी मिस्त्रींची पक्कड घेतली, तार तोडली आणि झाकण काढलं. आतलं सगळं आरशासारखं होतं.

"बरां आसा," आत्या म्हणाली आणि तिने मूठभर अक्षता टाकल्या. लग्नात शेवटच्या मंगलाष्टकाला टाकतात तशा, मोकळ्या हाताने.

"आत्या, आत गेल्या ना!"

"मग खंय जातल्यो? पूजा आतल्याचीच मां?"

मी बोटांनी नऊ दाणे वेचले. बाकीचे इंजिनाने स्वीकारले होते. झाकण लावलं आणि ऑफिसात फायलींच्या गठ्ठ्याला मारतो तशी गाठ तारेला मारून ठेवली.

तिसऱ्या दिवशी, गाठींनी भरलेला ट्रक करी रोडच्या पुलावर खडखडला आणि जागीच थिजला.

कंपनीचा माणूस आला. त्याने इंजिनाचा तळ खोलला. तेल वर खेचणारी जाळी लालसर दाण्यांनी गच्च भरलेली. तेल चढलं नाही, म्हणून बेअरिंगा जळून चिकटल्या होत्या.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

तात्यांनी निरखून पाहिलं. "तांदूळ."

"कसले?"

"रेशनचे," आत्या म्हणाली. "पूजा मीच केलंय. झाकण उघडां होतां."

यात खोटं काहीच नव्हतं. त्या माणसाने तुटलेलं सील दाखवलं, मग पत्रकाचं चौथं पान दाखवलं. सील तुटलं की गॅरंटी संपली.

"मिस्त्री, झाकण तुम्ही उघडलंत?" तात्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी तार हातात घेतली. गाठ पाहिली. मग माझ्या बोटांवरची शाई पाहिली.

"गाडी माझ्या ताब्यात होती," ते म्हणाले. "जबाबदारी माझी."

माझं तोंड उघडं होतं. ते मी मिटलं. एवढंच मी केलं.

मिस्त्रींनी तेच इंजिन खोलून, मजुरी न घेता तीन आठवड्यांत बांधून दिलं. म्हणजे हे घ्यावं की ते करावं असा जो घोळ आम्ही घातला होता, त्यातलं आम्ही दोन्ही केलं. गिरणीचं काम गेलंच. इंजिन मात्र पुढे कित्येक वर्षं कुरकुरलं नाही. तात्यांनी मिस्त्रींना पुन्हा काम दिलं नाही. "हात चांगला, पण नको तिथे घालतो," असं ते लालबाग नाक्यावरच्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगत. हळूहळू त्या बाजूची गिऱ्हाइकं मिस्त्रींकडे जायची थांबली. उलट इंजिन कुठलं घ्यावं हे विचारायला लोक माझ्याकडे येऊ लागले. आणि मी सांगायचोही!

पुढे माझी सासुरवाडी नेमकी घोडपदेवला झाली. मिस्त्रींच्या गॅरेजपाशी आलो की मी फूटपाथ बदलायचो. ते गेले तेव्हाही समोर जायचं धाडस झालं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर परवा बायकोला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"लग्न ठरायच्या आधीपासून. आमचे अण्णा तुमची चौकशी करायला मिस्त्रीकाकांकडेच गेले होते."

"मग? काय म्हणाले ते?"

"म्हणाले, मुलगा चांगला आहे, नोकरी पक्की आहे, डोळे मिटून द्या. फक्त त्याच्या हातात कधी पक्कड देऊ नका."

आमच्या घरात फ्यूज उडाला की गेली साठ वर्षं मला खाली कोथिंबीर आणायला का पाठवतात, ते मला परवा कळलं.