आदिवासी नृत्याची तालीम

शाळेच्या व्हरांड्यात पाच-सहा मुलं चेहऱ्याला काजळ फासून उभी होती. कमरेला सागाची पानं, डोक्यात कोंबडीची पिसं, हातात पुठ्ठ्याचे भाले. गॅदरिंगची तालीम चालली होती.

मी केंद्रप्रमुख. म्हणजे मुकुटबनकडच्या काही शाळांना भेटी देऊन शिकवणं कसं चाललंय ते बघायचं.

"कोणता डान्स?" मी विचारलं.

"आदिवासी," मुख्याध्यापक खुशीत म्हणाले.

गाणं लागलं. मुलं 'हू हू' करत भाले नाचवू लागली. बघणारी हसून लोटपोट झाली. तिसरीतली लक्ष्मी मात्र भिंतीला टेकून उभी होती. ती पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीतून येते.

"तू नाहीस डान्समध्ये?"

उत्तर शेजारच्या मुलानं दिलं. "तिले काजळ कायले लागते, मॅडम? तशीच काळी हाये."

सगळे हसले. वर्गाच्या बाईसुद्धा.

लक्ष्मी खाली बघत म्हणाली, "आमच्या पोडावर असं कोणीच नाचत नाही."

ऑफिसात मी मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, हे बघायला लक्ष्मीचे आईवडील येणार ना?"

"मॅडम, आमी तं त्यांच्या संस्कृतीचा सन्मानच करून राह्यलो."

ते मनापासून बोलत होते. म्हणूनच मला जास्त चीड आली.

"काजळ बंद करा. खरा नाच तिच्या आईकडून शिकून घ्या."

"पाहतो," ते म्हणाले.

गॅदरिंगला गेले, तर डान्सच नव्हता. खराही नाही, खोटाही नाही. लक्ष्मीही दिसेना. काजळावरून बोललेल्या त्या मुलाला विचारलं.

"तिच्यापायी कॅन्सल झाला. सरांनी वर्गात सांगतलं, पोडावरच्या लोकाइले वाईट वाटते म्हणून. आता आमी तिच्यासंग बसत नाही."

मी तशीच पोडावर गेले. लक्ष्मीचे वडील अंगणात होते.

"आश्रमशाळेत टाकलं तिले. हॉस्टेलले राह्यते," ते म्हणाले.

"एवढ्या लहानपणी?"

"इथं लेकरू रोज रडत येये, मॅडम. तिथं सारे आमचेच हायेत."

त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मीही थांबले नाही.

भेटीच्या अहवालात मी लिहिलं, 'आक्षेपार्ह नृत्य रद्द करण्यात आले.' साहेबांनी शेरा मारला, 'उत्तम.' मुलं त्यातून काय शिकली, हे लिहायला अहवालात रकाना नसतो.