दोन दरवाज्यांची निळी गाडी

परवा व्हिडिओवर बोलताना तुमच्यातल्या धाकटीने मला विचारलं, "आजी, शेडमधली ती निळी गाडी बाबा विकायला सांगतो, तरी तू का विकत नाहीस?" मी तोंड उघडलं आणि चित्र अडकलं. पुन्हा लागलं तेव्हा विषय शाळेवर गेला होता. म्हणून उत्तर लिहून पाठवते आहे. लिहिलेलं मला बरं पडतं. बोलायला बसले की तुमचे आजोबा मधे मधे दुरुस्त्या करतात.

गाडी मुळात तुमच्या बाबाची. पुण्यात नोकरी लागल्यावर त्याने ती एका गृहस्थांकडून घेतली, आणि त्यांनी ती परदेशातून आणली होती. पुढे त्याचंच परदेशी जायचं ठरलं. विकायला त्याचं मन होईना. मग स्वतः चालवत ती गोंदियाला आणली, शेडमध्ये लावली आणि जाताना आजोबांना म्हणाला, "बाबा, हिला जरा वर जाऊ देत जा. दबवून चालवू नका." आजोबा म्हणाले, "तू तिकडून पेट्रोल पाठव, मग जाऊ देतो."

आमच्या गल्लीत अशी गाडी कुणी पाहिली नव्हती. इतकी बुटकी की साडी नेसून बसायचं तर आधी टेकायचं, मग दोन्ही पाय उचलून आत घ्यायचे आणि शेवटी पदर. मागची सीट नावापुरती. तिथे तांदळाचं एक पोतं नीट बसे, माणूस बसत नसे. इंजिन लहानसं, पाण्याच्या लिटरच्या दोन बाटल्याही त्यात पुऱ्या रिकाम्या होणार नाहीत एवढं. शेतावर जाताना कोहमाऱ्याला आम्ही नेहमी चहाला थांबायचो. तिथल्या चहावालीने गाडीला एक फेरी मारली आणि आजोबांना विचारलं, "साहेब, बाकीचे दोन दरवाजे काऊन नाही लावले जी?"

"कंपनीले पैसे कमी पडले असन."

"मंग तुमी कायले घेतली?"

"पोराने घेतली. त्यालेच इचारा."

आमचं शेत नवेगाव बांधजवळ. आजोबांचे पूर्वज तलाव बांधणारे, आणि आजोबांची सगळी नोकरीही पाटबंधाऱ्यांचीच. नोकरीभर त्यांनी सरकारी डिझेल जीप चालवली, कालव्यांच्या कच्च्या वाटांवरून, चिखलातून. जीपने त्यांना एक नियम शिकवला होता: इंजिन कण्हलं तर चालेल, ओरडता कामा नये. म्हणून ते पटापट गिअर बदलत. चाळीसच्या वेगाला गाडी टॉपमध्ये. निळी गाडीही त्यांनी तशीच चालवली. ती थरथरायची, चढावर रुसून बसायची, आणि ते म्हणायचे, "हिच्यात दम नाही. नुसती दिसायले."

मला गाडीतलं फारसं कळत नव्हतं, पण एक गोष्ट खटकायची. समोर इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारं घड्याळ होतं. त्यावर नऊपर्यंत आकडे होते आणि आठाच्या पुढे लाल पट्टी. आमचा काटा तीनाच्या वर कधी गेला नाही. मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे. वापरायचेच नव्हते तर पुढचे आकडे छापले कशाला, हा प्रश्न मला पडायचाच. एकदा आजोबांना विचारलंही. "शोभेले," ते म्हणाले.

तरी दर शनिवारी त्याच गाडीने आम्ही शेतावर जायचो. निवृत्तीनंतर आजोबांचा आठवडा त्या शनिवारावर उभा होता. शुक्रवारी संध्याकाळी ते काच पुसायचे, हवा बघायचे. धानाच्या बांध्यांत पाणी किती, तलावाची पातळी कुठवर आली, हे स्वतः बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मग त्यांना काचबिंदू झाला. धाकटी तेव्हा रांगत होती. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली, समोरचंही धूसर झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता गाडी चालवायची नाही. घरी आल्यावर आजोबांनी किल्ली फडताळावर ठेवली आणि म्हणाले, "विकून टाकू."

"असू दे की," मी म्हटलं.

"कायले ठेवाची? मले दिसत नाही, तुले चालवता येत नाही."

"माझ्याकडे लायसन्स आहे."

"लायसन्स आहे. चालवणं कुठं आहे?"

त्यांचं खरं होतं. माझं लायसन्स लग्नाआधीचं, नागपूरला वडिलांनी काढून दिलेलं. मुदत संपण्याआधी मी ते नेमाने नवं करून घेत असे, पण स्टिअरिंग हातात फारसं कधी आलंच नाही. "शेतावर एसटीने जाऊ," आजोबा म्हणाले. मला माहीत होतं, ते एसटीने जाणार नाहीत. पायरी दिसत नाही म्हणून कंडक्टरने हात धरलेला त्यांना चालणार नव्हता. दोन शनिवार ते घरातच बसून राहिले, रेडिओही लावला नाही. गाडी गेली की हा माणूस खुर्चीतच राहील, ही एकच भीती मला होती. आणि गिऱ्हाईक तर मिळालंही होतं. भातगिरणीवाल्यांच्या घरातला एक तरुण रविवारी गाडी बघायला येणार होता.

त्याच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, "धान कापणीला आलंय. एकदा बघून या. मी नेते."

"तू? ही काही तुझी सायकल नोहे."

"मग तुम्ही शेजारी बसून सांगा."

असे आम्ही निघालो. काटा त्यांना दिसत नव्हता, पण कान शाबूत होते. इंजिनाचा आवाज जरा चढला की ते म्हणायचे, "बदल." मी बदलायची. "बदल." पुन्हा बदलायची. गोरेगावपर्यंत माझा डावा हात आपोआप त्यांच्या शब्दावर हलायला लागला होता. गिअरची दांडी आखूड, मनगट फिरवलं की खुट् करून जागेवर बसायची. ते मला आवडलं. बाकी गाडी नेहमीसारखीच, थरथरत, नाइलाजाने चालणारी. कोहमाऱ्याला चहावालीने मला चालकाच्या बाजूने उतरताना पाहिलं आणि आजोबांना म्हणाली, "साहेब, प्रमोशन झालं का डिमोशन?"

"रिटायर झालो," आजोबा म्हणाले आणि चहा अर्धाच ठेवला.

शेतावर त्यांनी लोंबी हातात घेऊन चोळली, दाणा दाताखाली फोडला, बांधावरून चालत तलावापर्यंत गेले. मी मागे चालत होते, हात न धरता. ढिवरांकडून मासे घेतले, डब्यात घालून डिकीत ठेवले. जेवण झालं आणि आम्ही परत निघालो.

जंगलातला रस्ता लागला. पोटभर भात आणि दुपारचं ऊन, आजोबांचं डोकं काचेला टेकलं. समोर भाताच्या तणसाने भरलेली ट्रॉली घेऊन एक ट्रॅक्टर चालला होता. पुढचा रस्ता सरळ आणि रिकामा. ट्रॅक्टरवाल्याने हात हलवून जा म्हणून खूण केली. मी दुसऱ्या गिअरमध्ये होते. पाय दाबला, बाजूला घेतलं आणि डावा हात दांडीवर ठेवून "बदल"ची वाट बघत राहिले.

शब्द आला नाही.

काटा चारावरून गेला. पाचावरून गेला. मी या गाडीत असं कधी ऐकलं नव्हतं. आणि मग साडेपाचाच्या आसपास आवाजच बदलला. कापडाच्या दुकानात दुकानदार कात्रीने आधी जराशी चीर देतो आणि मग एका दमात ठाण टरकन फाडतो, तसा. मागून कुणीतरी तळहाताने पाठीला रेटा दिल्यासारखं झालं. थरथर थांबली. इतकी वर्षं रुसून बसलेली ती गाडी एकदम स्वच्छ, सरळ बोलायला लागली. ट्रॅक्टर मागे पडला. मी वेगाकडे पाहिलं, सत्तरच्या आसपास होता. म्हणजे नियमात. मग मी स्वतःहून तिसरा टाकला.

आजोबा जागे होऊन ताठ बसले होते.

"काय झालं?"

"ट्रॅक्टर मागे टाकला."

"तो नाही. तो आवाज."

"दुसऱ्यातच राहिलं. तुम्ही बदल म्हणाला नाहीत."

"मी झोपलो होतो."

"हो."

त्यांनी चाचपडत आपल्या बाजूची काच खाली केली. मग म्हणाले, "पुन्हा कर."

मी आरशात पाहिलं. मागेपुढे माणूस नाही, जनावर नाही. वेग कमी केला, दुसऱ्यात आणली, आणि पुन्हा पाय दाबला. या वेळी मी काट्याकडे पाहिलंच नाही, त्यांच्याकडे पाहिलं. आवाज जिथे बदलला तिथे त्यांच्या भुवया वर गेल्या. काटा लाल पट्टीजवळ येईपर्यंत ते बोलले नाहीत. मग अगदी हळू म्हणाले, "आता बदल."

पुढे वळणं होती. पहिल्या वळणात मी घाबरून पाय उचलला तर गाडीची शेपटी हलकीच बाहेर झुकली. "पाय सोडू नको," ते म्हणाले. "हिचे बैल पुढं आहेत. ओढणारे तेच अन् वळणारेही तेच. वळणात बैल सोडले की गाडं मागून सरकते. थोडं थोडं हाकत राह्य." पुढच्या वळणात मी हलका पाय ठेवून राहिले, आणि पुढच्या चाकांनी गाडीला आत ओढून घेतलं. स्टिअरिंगमधून ती ओढ तळहातांना कळत होती. रस्त्याचा प्रत्येक खडबडीत तुकडा हातात येत होता. तरुणपणी माणसं अशा गाड्यांसाठी वेडी का होतात, ते मला साठी कधीच ओलांडल्यावर, मासे डिकीत ठेवून, त्या रस्त्यावर कळलं. त्यात वेग फार नव्हता. आपण जेवढं मागितलं तेवढंच आणि लगेच देणारं काहीतरी हातात होतं, एवढंच.

कोहमारा येईपर्यंत आजोबा एकच वाक्य बोलले. "इतकी वर्षं मी हिले जीपच समजून राहिलो."

विकण्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. रात्री तुमच्या बाबाला फोन करून त्या आवाजाबद्दल विचारलं तेव्हा तो हसत सुटला. साडेपाच हजार फेऱ्यांच्या वर या इंजिनाचे व्हॉल्व्ह जास्त उघडतात म्हणे, आणि खरी गाडी तिथून पुढे सुरू होते. "मी सांगितलं होतं की," तो म्हणाला.

रविवारी तो तरुण आला. गाडीभोवती फिरून म्हणाला, "काकाजी, गाडी तो एकदम झकास दिसून राहिली. एक चक्कर मारून बघू?"

"मारा," आजोबा म्हणाले, "मी शेजारी बसतो." मला त्यांनी मागे बसायला सांगितलं. त्या सीटवर मी पहिल्यांदाच बसले, गुडघे हनुवटीशी घेऊन. आता हा मुलगा जोरात पाय दाबेल, तो आवाज येईल, आणि मग तो गाडी इथे ठेवणार नाही, हे मला दिसत होतं.

गाडी गेटबाहेर पडून जेमतेम वेग घेते आहे तोच आजोबा म्हणाले, "बदल."

"काकाजी, अभी तो उठी भी नहीं."

"बदल. जपलेली गाडी आहे. आम्ही अशीच चालवत आलो."

मोठ्यांचा मान ठेवणारं घर होतं त्याचं. त्याने बदललं. लगेच पुन्हा, "बदल." रिंग रोडवर पोचलो तेव्हा गाडी टॉपमध्ये होती, वेग चाळीस, आणि ती जुनी थरथर माझ्या गुडघ्यांत पोचत होती. उड्डाणपुलाच्या चढावर ती नेहमीसारखी रुसली.

"पिकअप नहीं है, काकाजी."

"नाही म्हणता?"

"नुसती दिसायला आहे."

"माझंही इतकी वर्षं तेच म्हणणं होतं," आजोबा म्हणाले.

त्याने थोडं नाक वर केलं. "और ये मच्छी की बास?"

"नवेगावची. ताजी होती."

तो गेला, अगदी नम्रपणे, विचार करून सांगतो म्हणून. त्याचा फोन पुढे कधीच आला नाही. त्याच्यामागे गेट लावून मी आजोबांकडे आले. ते अजून डाव्या सीटवरच बसले होते.

"तुम्ही त्याला खोटं सांगितलंत," मी म्हटलं.

"एक शब्द खोटा दाखव."

मी मनातल्या मनात सगळं पुन्हा तपासलं, जशा वह्या तपासत असे. सापडला नाही.

"अन् शनिवारी आपण शेतावर जाऊन राहिलो ना?" त्यांनी विचारलं. "धान उचलायचं आहे."

"एसटीने?"

"एसटीत चढायले मले दिसते का?"

तर बाबाला सांगा, गाडी विकायची नाही. आता शनिवारी मी चालवते आणि ते शेजारी बसतात. चहावाली त्यांना अजून प्रमोशनबद्दल विचारते, आणि ते चहा पूर्ण पितात. कोहमाऱ्याच्या पुढे जंगल लागेपर्यंत आम्ही घरातलं काहीबाही बोलत असतो. मग रस्ता सरळ होतो, रिकामा होतो, आणि न सांगता ते आपल्या बाजूची काच खाली करतात. मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये आणते.