रंकाळ्यात टाकलेली तार

मिस्त्री गिऱ्हाइकाला नमस्कार करत नसत. खांद्यावरची बॅटरी उतरवून माणूस त्यांच्या दुकानाच्या पायरीवर टेकतो न टेकतो तोच प्रश्न यायचा, "हिला कसं मारलंस?" माणूस वयानं मोठा असला तर "मारलासा". आदर काय तो एवढाच. बॅटरी आपोआप मरते हे त्यांना कधी मान्यच नव्हतं. "बॅटरी मरत न्हाय, मारत्यात," असं ते म्हणायचे. ट्रकवाले, ट्रॅक्टरवाले, लाउडस्पीकरवाले, सगळे त्यांच्यापुढे आरोपीसारखे उभे राहत.

दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाला होतं. फुटक्या बॅटऱ्या उघडून आतल्या प्लेटा बदलायच्या, वरून डांबर ओतून त्या बंद करायच्या आणि चार-चार दिवस सावकाश चार्जिंगला लावायच्या, हे त्यांचं काम. घाई केलेली खपायची नाही. अंगातला खाकी शर्ट ॲसिडनं चाळणी झालेला असायचा. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाताना तेवढा पांढरा शर्ट चढायचा. त्याला एकही भोक नव्हतं.

मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि त्यांनाही मी. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. रंकाळ्यावर आमची एक लाँच होती, वीसेक माणसं बसतील अशी. तिची बॅटरी घेऊन मी पहिल्यांदा गेलो. त्यांनी झाकणं काढली, आत डोकावून पाहिलं आणि पायरीवरच्या पाच-सहा जणांसमोर म्हणाले,

"आडाचं पाणी घातलंस."

"नाही. डिस्टिल्डच घातलंय."

"खोटं बोलायची सवय दिसत न्हाय तुला. नीट जमंना. जरा शिकून ये."

लोक खदखदून हसले. पाणी आडाचंच होतं. ते हसणं मी गाठीला बांधून ठेवलं. गल्लीतून जाताना त्यांच्या दुकानाकडे पाहायचं सोडलं. पण दुसरीकडे बॅटरी नेली की महिन्यात बसायची, म्हणून पुन्हा त्यांच्याच पायरीवर जावं लागायचं. त्याचा राग वेगळा.

कॅसेटचे दिवस नुकते आले होते. लाँचवर स्टिरिओ बसवायचा, चार कोपऱ्यांत चार स्पीकर, म्हणजे चौपाटीवरची भेळ सोडून लोक आमच्याकडे धावतील, हे माझ्या डोक्यानं घेतलं. मिस्त्रींना सांगितलं तर ते हातातलं काम न थांबवता म्हणाले, "इंजनाची बॅटरी पैलवान हाय. एक डाव टाकती, मोकळी हुती. तिला दिवसभर ओझं वाहायला लावतोस व्हय? गाण्याला बैल पायजे, बैल."

तो बैल त्यांनी स्वतः तयार केला. जाड प्लेटांची मोठी बॅटरी, दोघांनी उचलावी अशी. स्वतः लाँचवर येऊन बसवली आणि दोन बॅटऱ्यांच्या मधे एक खटका लावला. गाणं फक्त मोठीवर, इंजिन फक्त लहानीवर, दोघींची गाठ पडायची नाही. जाताना बोट रोखून म्हणाले, "ह्या खटक्याला हात लावलास तर तळ्याच्या मधी बसशील बोंबलत. आन् ती वल्ही का काढलीस?" वल्ह्यांच्या जागी मी स्पीकरची खोकी बसवली होती. म्हटलं, "इंजिन असताना वल्ही कशाला?" पिशवी उचलून ते उतरून गेले.

महिनाभर झकास चाललं. मग मला आवाज कमी वाटायला लागला. मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणला. तो मोठ्या बॅटरीवर तासाभरात धापा टाकायचा. मिस्त्रींना विचारायला जाणं म्हणजे पुन्हा त्या पायरीवर उभं राहणं. मी गेलो नाही. हातभर तार घेतली, दोन्ही टोकांना चिमटे लावले आणि खटका चुकवून दोन्ही बॅटऱ्या एकत्र जोडल्या. आवाज असा घुमला की काठावरचे लोक वळून पाहायला लागले.

त्या रविवारी साखरपुड्याची मंडळी लाँचवर होती. दुपारचे चार. तळ्याच्या मधे इंजिन बंद करून गाणी लावली, फोटो झाले, चिवडा झाला. तास-सव्वा तास गेला आणि गाणं ओढल्यासारखं, रडल्यासारखं व्हायला लागलं. मी स्टार्टर दाबला. टक् एवढाच आवाज आला. हँडल मारून चालू होणारं ते इंजिन नव्हतं. तेवढ्यात वारा सुटला. वल्ही नाहीत. लाँच आडवी होऊन वाहत गेली आणि दगडी काठावर जाऊन आदळली. नवऱ्या मुलीच्या आईनं धक्का वाचवायला हात पुढे केला होता. तिचं मनगट मोडलं.

लोक माणसं उतरवून घेत होते तेव्हा मी खाली वाकलो, तार ओढून काढली आणि पाण्यात सोडून दिली. मग वर आलो. मुलीचा मामा माझी गचांडी धरून विचारत होता, "काय झालं रं? सांग की!" मी म्हणालो, "मिस्त्रींनी बॅटरी खराब दिली."

इतकं सहज आलं ते. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी शिकून आलो होतो.

कुणीतरी मिस्त्रींना सायकलवरून घेऊन आलं. त्यांनी दोन्ही बॅटऱ्या तपासल्या. शिशाच्या टोकांवर चिमट्यांचे ताजे ओरखडे होते, त्यांवरून अंगठा फिरवला. वर न बघता म्हणाले, "दोनी एकदम मेल्यात. तार कुठं हाय?"

"कसली तार?"

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. भोवती पन्नास माणसं. मामा ओरडला, "ए म्हाताऱ्या, बाईचा हात मोडला आन् तार कसली हुडकतोस?" कुणी ढकललं, कुणी टोपी उडवली. मी एक शब्द बोलू शकलो असतो. पायरीवरचं ते हसणं मला आठवत होतं, आणि खरं सांगतो, त्या क्षणी बरं वाटत होतं. मिस्त्रींनी टोपी उचलली, झटकली आणि पायी निघून गेले. ते माझं नाव घेऊन भांडले असते तर मला सोपं गेलं असतं.

जो माणूस प्रत्येकाला "कसं मारलंस" विचारायचा, त्यालाच आता येणारा-जाणारा विचारायला लागला, "काय मिस्त्री, आज कुणाला बुडवनार?" ट्रकवाले दुसरीकडे जायला लागले. वर्षाच्या आत दुकानाची फळी कायमची लागली आणि मिस्त्री कागलला लेकीकडे राहायला गेले.

दोन वर्षांनी मी कागलला गेलो. जावयाच्या सायकल दुकानाबाहेर ते बाकावर बसले होते. मंगळवार होता आणि अंगात पांढरा शर्ट होता. एकही भोक नसलेला. कामाचा खाकी शर्ट सुटला होता. त्यांनी ओळखलं.

"तार घावली का?"

मी उभ्यानंच सांगितलं. तार मी जोडली, मीच पाण्यात टाकली. पाया पडायला वाकलो तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मला काय सांगतोस? मला त्याच दिशी ठाव हुतं. गल्लीत सांग. रंकाळ्यावर सांग. तितं पन्नास मानसं हुती न्हवं?"

"मिस्त्री, चुकलं माझं."

"चुकलं न्हाय. केलंस. जा आता, बस जाईल तुझी."

चहा विचारला नाही. लेक आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, तिला हातानंच परत पाठवलं. मला राग आला होता, हेही लिहून ठेवतो. कबूल करायला एवढ्या लांब आलो आणि हा माणूस क्षमाही करत नाही, असं बसमध्ये वाटत होतं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. मातीला गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार?

गल्लीत मी सांगितलं नाही. मामा गेला. त्या बाईंचं मनगट वाकडंच राहिलं, लग्नाकार्यात भेटल्या की त्या अजून म्हणतात, "त्या मिस्त्रीनं घात केला बघा." मी मान हलवत आलो. आता माझी पन्नाशी उलटली. त्या पन्नासांतले जे हयात आहेत ते हे वाचतील, त्या बाईंना त्यांची नात वाचून दाखवील. मिस्त्री, तुम्ही पायरीवर विचारायचात त्याचं उत्तर आज सगळ्यांसमोर देतो. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या चांगल्या होत्या. मी मारल्या.