मंठा रोडचा लॉनवाला बंगला

दार लागेना. बंगला बांधणाऱ्या संतोषने आधी हाताने ढकललं, मग खांदा लावला, मग पायाने खालची कड दाबून धरली आणि पुन्हा खांदा लावला. दार चौकटीत अर्धवट अडकून बसलं. शकुंतलाताईंनी मोबाइल समोर धरला होता आणि त्यांचा मुलगा निखिल मेलबर्नहून हा सगळा खटाटोप बघत होता.

"नवं दार हाय मॅडम," संतोष मला म्हणाला. "फुगलं असंल जरा. बसंल हळूहळू."

"ह्युमिडिटीमुळे होतं तसं," निखिल मोबाइलमधून म्हणाला. "इकडे पण होतं."

मार्च महिना होता. जालन्यात मार्चमध्ये हवा दमट असते हे मला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. माझे ओठ फुटलेले, टाचा फुटलेल्या, आणि ह्या दोघांना दमटपणा सापडला होता. शिवाय ते दार लाकडाचं नव्हतंच. संतोषच्या जाहिरातीतच लिहिलं होतं, 'पाण्याने न फुगणारी दारे'. म्हणजे दार फुगलं असेल तर जाहिरात खोटी, आणि जाहिरात खरी असेल तर दुसरंच काहीतरी फुगलं होतं.

मी सिव्हिल इंजिनिअर. बरीच वर्षं सरकारी बांधकामांवर काढली, आता निवृत्तीनंतर लोकांची घरं बघून देते. बघून देते म्हणजे घर घ्यायच्या आधी भिंतींवर टकटक करते, दारं उघडून लावून बघते, तडे शोधते आणि जे कोणाला ऐकायचं नसतं ते सांगते. त्यामुळे माझं गिऱ्हाईक सहसा दुसऱ्यांदा बोलवत नाही.

शकुंतलाताई माझ्या मोठ्या बहिणीच्या मैत्रीण. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. यजमान गेल्यापासून गावातल्या मस्तगड भागातल्या घरात एकट्या राहतात. गुडघे दुखतात, बाथरूम मागच्या अंगणात, मध्ये पायऱ्या. निखिलला आईची काळजी वाटायची. ती खरी होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण काळजी वाटली की माणूस बाथरूम दुरुस्त करतो. निखिलने बंगला बुक केला.

ह्या प्रकाराला पॅकेज म्हणतात. निखिल ऑस्ट्रेलियात गेल्यावर त्याने तिकडे असंच घर घेतलं होतं. जमीन आणि त्यावरचं नवं घर एकाच कंपनीकडून घ्यायचं, तुम्ही फक्त टाइलचा रंग निवडायचा. ते त्याला इतकं आवडलं की आईलाही तसंच घ्यायचं ठरलं. संतोष त्याचा शाळेतला बेंचमित्र. त्यानेही काळाची पावलं ओळखून मंठा रोडला शेत घेतलं, एनए करून घेतलं, म्हणजे शेतीच्या जमिनीवर घरं बांधायची परवानगी काढली, आणि परदेशात गेलेल्या जालनेकरांसाठी 'प्लॉट प्लस बंगला' काढला. ड्रोनने व्हिडिओ केला. व्हिडिओत सगळ्यात जास्त वेळ काय दिसत होतं? लॉन.

लॉन निखिलने मागितलं होतं. तिकडे प्रत्येक घरापुढे असतं म्हणे. आता आमच्या जालन्यात नळाला पाणी आलं की लोक हातातलं काम सोडून घराकडे पळतात. ड्रम भरतात, बादल्या भरतात, घरातली पातेलीही सोडत नाहीत. आणि ह्या बंगल्याच्या हिरवळीसाठी रोज टँकर यायचा. शेजारच्या प्लॉटवरचे मजूर पिण्याचं पाणी जार आणून प्यायचे आणि गवताला सकाळ-संध्याकाळ फवारा. गवत मात्र छान होतं, खोटं कशाला बोलू.

शकुंतलाताईंसमोरचा प्रश्न बंगल्याचा नव्हता, मस्तगडच्या घराचा होता. शेजारच्या कापडवाल्याला ते गोदामासाठी हवं होतं. इसार घेऊन झाला होता. पुढच्या आठवड्यात खरेदीखतावर सही. ती एकदा झाली की ताईंना राहायला ह्या बंगल्याशिवाय जागा नव्हती. म्हणून त्यांनी मला फोन केला आणि वर म्हणाल्या, "वैशाली, निखिलला म्हणायचं की तू सहज आली. त्याला वाटंल मी त्याच्या मित्रावर शक घेऊन राह्यले." जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेल्या बाईला स्वतःचं घर चोरून तपासून घ्यावं लागत होतं.

तर ते दार. ते हॉल आणि किचनच्या मधलं, लॉनच्या बाजूचं. मी बाकीची दारं बघितली. मागच्या बेडरूमचं दार एका बोटाने लागलं. मागच्या बाथरूमचंही लागलं. मागे लॉन नव्हतं, विटांचे तुकडे आणि वाळलेली रेती पडली होती. पुढे आले, तर लॉनकडच्या खिडकीच्या कोपऱ्यातून भिंतीवर तिरका पट्टा गेलेला. रंग तोच, पण जरा जास्त ताजा.

"इथं काय होतं?" मी संतोषला विचारलं.

"काय न्हाई मॅडम. केसासारखी लाइन आल्ती. प्लास्टरची. पुट्टी भरली."

"किती वेळा भरली?"

संतोषने मोबाइलकडे बघितलं. "दोनदा," तो हळूच म्हणाला.

प्लास्टरचा तडा आणि भिंतीचा तडा ह्यात फरक असतो. प्लास्टर वाळताना जी जाळी पडते ती कुठेही पडते, आणि एकदा भरली की संपली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला तडा भरला तरी परत येतो, कारण भिंतीचं एक टोक वर चाललेलं असतं आणि दुसरं जागेवर असतं. भिंतीला दोन्हीकडे जाता येत नाही, म्हणून ती मध्ये फाटते. दाराची चौकटही तशीच तिरपी होते. दार बिचारं सरळच असतं.

भिंत वर का जाते, तर काळ्या मातीमुळे. आपल्या भागात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिच्या भेगेत अख्खा हात जातो. कापसाला उत्तम, घराला नाही. तिच्यावर बांधायचं तर ती काढून खालचा न फुगणारा मुरूम लागेपर्यंत खोदायचं, नाहीतर पायाच वेगळ्या पद्धतीने डिझाइन करायचा, आणि काही झालं तरी भिंतीलगत पाणी मुरू द्यायचं नाही. इथे भिंतीलगत रोज टँकर रिकामा होत होता.

"पाया किती खोल घेतला?"

"पाच फूट. बराबर पाच फूट."

"मुरूम लागला का?"

"कडक लागलं ना मॅडम. टिकाव उडत होता."

"खोदलं कधी?"

"मे महिन्यात."

मे महिन्यात वाळलेली काळी माती दगडासारखी लागते. तिच्यावर टिकाव उडतोच. हे शिकायला कॉलेजात जावं लागत नाही आणि संतोष तर कॉलेजात जाऊन आलेला होता. पण मुरमापर्यंत जायचं म्हणजे आणखी खोदाई, आणखी काँक्रीट, आणि जमिनीखालचं काँक्रीट ड्रोनला दिसत नाही.

"भिंतीला लागून एक खड्डा घ्या," मी म्हणाले. "पायाच्या खाली काय आहे ते बघू."

"लॉन खराब होईल!" हे निखिल म्हणाला. सगळ्या कॉलमध्ये तो एवढ्या जोरात एकदाच बोलला. "मावशी, ते व्हरायटी ग्रास आहे. मी स्वतः सिलेक्ट केलंय."

"मॅडम, उगं कशाला," संतोष म्हणाला. "मी जबाबदारी घेऊन राह्यलो ना. निख्या माझा भाऊ हाय. भावाला फसवीन का मी?"

हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ते कानावर पडलं की मी खिशातून मोजायची टेप काढते. आताही काढली.  शकुंतलाताईंनी मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवला, पदर खोचला आणि शेजारच्या प्लॉटवरच्या दोन मजुरांना हाक मारली.

"खोदा," त्या म्हणाल्या. "घर माझ्यासाठी हाय ना? मंग खोदा."

खोदायला वेळ लागला नाही, कारण लॉनखाली माती लोण्यासारखी मऊ झाली होती. वरची माती काळी. खालची माती काळी. पायाच्या काँक्रीटची खालची कड उघडी पडली, तिच्याखालची मातीही काळी आणि ओली. मुरमाचा पत्ता नाही. मी संतोषकडे बघितलं. तो टँकरवाल्याला फोन लावायच्या नादात होता.

काळ्या मातीची पारख हातानेच होते. ओल्या मातीचा गोळा घ्यायचा आणि वळायचा. मुरूम वळत नाही, हातात मोडतो. मी गोळा उचलायच्या आधीच शकुंतलाताईंनी उचलला होता. त्यांनी तो जरा मळला, लांबट केला, चार पाय काढले, दोन शिंगं काढली आणि पाठीवर अंगठ्याने वशिंड दाबून बसवलं. कुठे तडा नाही, कुठे मोडला नाही. शाळेत पोळ्याला त्या पोरांकडून करून घ्यायच्या तसला बैल. तो त्यांनी कट्ट्यावर मोबाइलपुढे उभा केला.

"निखिल, हे बघ. ही बैलाची माती हाय. ह्याच्यावर घर बांधलं तुझ्या मित्रानं."

"आई," निखिल म्हणाला, "हात धू आधी. इन्फेक्शन होईल."

मला राग आला. माणसाच्या डोळ्यांपुढे पुरावा उभा आहे, शिंगांसकट, आणि ह्याला साबण आठवतो. मी मोबाइल हातात घेतला.

"निखिल, तुझं तिकडचं घर घेताना माती तपासली होती का रे?"

"ऑफकोर्स, मावशी. इथं सॉइल रिपोर्ट लागतोच."

"काय निघालं?"

"रिॲक्टिव्ह क्ले. म्हणजे फुगणारी माती. ह्या साइडला सगळी तशीच आहे, काळपट. त्यामुळे स्लॅब जाड घ्यावा लागला, खर्च वाढला आमचा."

"आणि बागेबद्दल काही सांगितलं होतं का त्यांनी?"

 मागे त्याच्या किचनमध्ये कोणीतरी मिक्सर लावला होता, तो बंद झाला.

"सांगितलं होतं," तो म्हणाला. "भिंतीच्या जवळ जास्त पाणी घालू नका म्हणून. आम्ही लॉन लांब ठेवलंय."

"मग इथं?"

"इथं संतोष आहे ना, मावशी."

म्हणजे ह्याला सगळं माहीत होतं. अज्ञान असतं तर मी समजू शकले असते. परक्या देशात अनोळखी माणसाकडून घर घेताना ह्याने माती तपासली, नियम पाळले, गवत भिंतीपासून लांब ठेवलं. आपल्या गावात आईसाठी घर घेताना बेंचमित्राचा चेहरा बघितला आणि गवताची जात निवडली. तिकडच्या घरात तो स्वतः राहणार होता, हाही फरक होताच.

संतोष पुढे आला. "दाराला रंधा मारून देतो. तडा भरून देतो, आतून जाळी मारून. वास्तुशांतीच्या आधी एकदम ओके."

"वास्तुशांतीनंतर?" शकुंतलाताईंनी विचारलं.

"काकू, मी हायच ना."

"तू हायेस. पण तुझं घर मस्तगडाच्या अलीकडं, मुरमाड टेकाडावर. तिथं तू राहणार. इथं मी राहणार." त्यांनी पदराला हात पुसले. "निखिल, मी सही करणार न्हाई."

"आई, पत्रिका छापल्यात. तिकिटं काढलीत आम्ही."

"मंग ये की. मस्तगडला ये. घर हाय तिथं."

त्यावर निखिल बराच वेळ बोलला. इमोशनल होऊ नकोस, इंजिनिअर लोक नेहमी निगेटिव्हच सांगतात, दोन-चार तड्यांनी काही होत नाही, वगैरे. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कॉल बंद केला, बैल उचलून पिशवीत ठेवला आणि मला म्हणाल्या, "चल, रिक्षा बघ. गुडघे दुखून राह्यले."

कापडवाल्याला इसार परत दिला. त्याने थोडी कुरकुर केली आणि गोदाम दुसरीकडे बघितलं. मागच्या अंगणातलं बाथरूम मी आत स्वयंपाकघराला लागून घेतलं, उंच कमोड, भिंतीला पकडायला स्टीलचा दांडा, पायऱ्यांच्या जागी उतार. टाइलचा रंग ताईंनी निवडला. निखिल आला तेव्हा चार दिवस रुसून त्याच बाथरूममध्ये आंघोळ करत होता. त्याच्या बुकिंगच्या पैशांबद्दल विचारलं की संतोष अजून म्हणतो, देऊन राह्यलो ना भावा.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी त्या रस्त्याने गेले. बंगल्यात कोणी राहत नव्हतं, पण विकला गेला होता, दुबईतल्या एका जालनेकर मुलाला, त्याच्या आईसाठी. लॉन आता तीन बाजूंनी केलं होतं. काचेतून आत बघितलं. हॉल आणि किचनच्या मधलं दार काढून टाकलेलं, चौकटसुद्धा. नव्या व्हिडिओत त्याला ओपन प्लॅन म्हटलंय.

दुबईच्या त्या मुलाला सांगायला हवं म्हणून मी निखिलला फोन केला, निखिल त्याला ओळखत होता. म्हटलं, नंबर दे.

"जाऊ द्या ना मावशी," निखिल म्हणाला. "संतोष आपलाच माणूस आहे. उगाच त्याचं नाव खराब होईल."

मी नंबर दुसरीकडून मिळवला. मुलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आंटी, तुम्ही दुसऱ्या कुठल्या बिल्डरकडून आहात का?"

तेव्हापासून परदेशातून कोणी घराबद्दल विचारलं की मी मातीचं, पायाचं, तड्यांचं काही सांगत बसत नाही. एवढंच सांगते की जी व्यक्ती त्या घरात राहणार आहे तिला आधी आत नेऊन प्रत्येक दार लावून बघायला सांगा. निखिलच्या आईने माझ्याकडून तरी लावून बघून घेतलं. दुबईच्या मुलाची आई तिथे राहायला कधी जाणार आहे ते मला माहीत नाही, आणि आता तिथे लावायला दारही नाही.