व्हर्लाचं उठून उभं राहणं

व्हर्ला हॉकेटने आयोवातल्या एका लहानशा गावच्या शाळेत एकतीस वर्षं मुलांचं जेवण रांधलं. पोतंभर बटाटे सोलायचे, जड पातेली उचलायची, दिवसभर उभं राहायचं. छातीने कधी कुरकुर केली नाही. निवृत्त होऊन ती खुर्चीत टेकली आणि तिथेच सुरू झालं. स्वस्थ बसलं की काळीज एकदम गचका खायचं, क्षणभर थांबल्यासारखं व्हायचं आणि मग धाडधाड सुटायचं. उठून चार पावलं टाकली की गप्प.

डॉक्टर लिंडग्रेन तिच्या मुलीच्या वयाची होती. तिने दोन दिवस छातीला तारा चिकटवून ठोके नोंदवले, बाकीच्याही तपासण्या केल्या.

"तुमचं हृदय घोड्यासारखं ठणठणीत आहे," ती म्हणाली. "मधूनच एखादा ठोका आगाऊपणा करतो, एवढंच. धोका काही नाही."

"घोडा आहे म्हणून उधळतोय होय," व्हर्ला म्हणाली.

डॉक्टर हसली. "लक्ष देऊ नका."

लक्ष द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचं राहूनच गेलं. व्हर्लाने कॉफी सोडली, केळी खाल्ली, लांब श्वास घेऊन पाहिले. नवरा ऑर्विल म्हणायचा, "काही नाही म्हणालेत ना? मग झालं तर." त्याचंही खरंच होतं. म्हणून तर पुढे बोलायला जागा उरायची नाही.

सगळ्यांत वाईट रविवार. ती दोघं क्वेकर या ख्रिस्ती पंथातली; त्या मंडळींच्या प्रार्थनेला ना पाद्री, ना गाणं. वीस-बावीस माणसं बाकांवर तासभर मुकाट बसतात. कुणाला आतून काही बोलावंसं वाटलं तर तो उभा राहतो, दोन शब्द बोलतो, खाली बसतो. लहानपणापासून व्हर्लाला आठवड्यातला हाच तास स्वतःचा वाटत आला होता. आता दहाव्या मिनिटाला काळीज उसळायचं आणि ती बसल्या जागेवरून ताडकन उभी राहायची. माना वर व्हायच्या. सगळे वाट बघायचे. ठोके जागेवर आले की ती काही न बोलता बसायची. असे चार रविवार गेले.

चौथ्या रविवारी एल्डन स्ट्रॅटनने तिला दाराशी गाठलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, मंडळींमधला सगळ्यांत वडील माणूस.

"व्हर्ला, तुला आम्हाला काही सुनावायचंय का? आठवडाभर विचार करतोय, आमचं काय चुकलं म्हणून."

"चुकलं काही नाही, एल्डन. बसलं की छाती धडधडते. उभं राहिलं की थांबते."

एल्डन गंभीर झाला. "आमच्या वेळी म्हणायचे, छाती धडधडली की समजावं, बोलायची वेळ आली."

"माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाहीये हो."

"बोलणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांकडे नसायचं," एल्डन म्हणाला.

पाचव्या रविवारी ती उभी राहिली तेव्हा पुन्हा सगळ्या नजरा वळल्या आणि तिला ते सहन होईना. "माझी छाती धडधडतेय," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. मला घरात बसवत नाही, इथेही बसवत नाही. काय करावं ते मला कळत नाही." एवढं बोलून ती बसली. रिवाजाप्रमाणे कुणीच काही बोललं नाही. त्या शांततेत तिचं काळीज आणखी पाच मिनिटं उड्या मारत राहिलं.

नंतर प्रार्थनागृहाच्या तळघरात सगळे जेवायला जमले. मंडळींचं पत्रक काढणारी मार्जरी पिकेट डोळे पुसत तिच्याजवळ आली. "किती खोल बोललीस. आपल्या सगळ्यांचंच असं आहे, नाही का? पत्रकात छापू?"

"मार्जरी, मी माझ्या छातीबद्दल बोलत होते."

"तेच तर," मार्जरी म्हणाली आणि तिचा हात दाबून निघून गेली.

व्हर्ला हातातली ताटली घेऊन तशीच उभी राहिली. ऑर्विलने खुर्ची सरकवली, पण ती बसली नाही.

आता ती दाराशेजारच्या बाकावर बसते. धडधड सुरू झाली की कोट चढवते, बाहेर पडते, खडीच्या अंगणात एक फेरी मारून आत येते. कधी एकदा, कधी चारदा. आता माना वर करून कुणी बघत नाही. गाडीतून घरी जाताना ऑर्विल विचारतो, "आज कमी होतं?" कधी ती हो म्हणते, कधी खिडकीबाहेर बघते.