हात घरी ठेवून येणारे खिल्लारे सर

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. पुसेगावजवळच्या आमच्या तांड्यात त्या दिवसांत निम्म्या घरांना कुलपं असायची आणि उरलेल्या घरांत म्हातारी माणसं. आईबाप ऊसतोडीला निघायचे आणि मीही त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये. एक फड संपला की दुसऱ्या गावचा फड, आणि तिथं पुन्हा पहिल्यापासून कोपी उभी करायची. बांबू रोवायचे, वर उसाचं वाळलं पाचट टाकायचं, जमीन चोपायची, चूल मांडायची. आईला आमच्या बोलीत याडी म्हणतात. याडी ट्रक भरायची तो उलटा. उतरल्यावर जे आधी लागणार ते सगळ्यात शेवटी, वर ठेवायची. बाकी काही होवो न होवो, अंधार पडायच्या आत तिची चूल पेटलेली असायची.

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या माणसाला अर्धा कोयता. मोठी होत गेले तशी मी घरातला अर्धा कोयता होऊ लागले होते. कळमनुरीच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली म्हणून ते टळलं. तिथं दहावी-बारावी सलग झाली आणि तिथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला कॉम्प्युटर हा विषय घेतला. का घेतला, तर खरं सांगते, त्या लॅबमध्ये पंखे होते.

पहिल्या प्रॅक्टिकलला खिल्लारे सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. बुटके, सावळे, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी येऊन अडकलं होतं.

"सर, हे काय झालं?"

"वाच."

"वाचलं. कळत न्हाई."

"मंग पुन्हा वाच."

"तुमी दाबा ना सर, कुठलं बटण ते."

"मी कशानं दाबू?" सर म्हणाले. "माझे हात घरी ठेवून आलोय."

सगळा वर्ग हसला. मला राग आला. पण तीन वर्षांत सरांनी कुठल्याही विद्यार्थ्याच्या कीबोर्डला बोट लावलेलं मी पाहिलं नाही. पोरं चुकायची, मशीन बंद पडायची, कुणी रडकुंडीला यायचं. सर मागे हात बांधून उभे. फार झालं तर हनुवटीनं स्क्रीनकडे खूण करायची.

सर मूळचे हट्टा गावचे. स्वतःला आळशी म्हणवून घ्यायची त्यांना फार हौस होती. "मी लई आळशी माणूस हाय. एकच काम दुसऱ्यांदा करायचं म्हटलं की जिवावर येतं." आणि हाच आळशी माणूस सुटीच्या दिवशी एसटीनं नांदेडला जायचा, तिथल्या इंटरनेट कॅफेत दिवसभर बसून लागणारं सगळं उतरवून घ्यायचा आणि संध्याकाळी पिशवीत सीड्या घेऊन परत यायचा. आम्ही विचारलं, सर, इतकी तकलीफ काहून घेता? "आळसापायी," म्हणाले. "आज एकदा गेलो की पुन्हा जायला नको."

आमचा विषय कॉलेजला तात्पुरत्या परवानगीवर मिळाला होता. विद्यापीठाची समिती येणार, लॅब चालू स्थितीत आहे का ते बघणार आणि मग कायमची परवानगी देणार. न दिली तर विषय बंद, आणि ज्याला शिकायचं त्यानं नांदेडला जावं. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुश्ताकचा मामा नांदेडला होता. माझं तिथं कुणी नव्हतं. बा आधीच म्हणाला होता, "कळमनुरीत हाय तोवर शीक. नांदेड आपल्याला जमायचं न्हाई." म्हणजे परवानगी गेली की दिवाळीनंतर पुन्हा ट्रक. हे मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. सरांना कसं कळलं होतं कोण जाणे.

आणि नेमकी समितीची तारीख कळली त्याच सुमारास लॅबमधल्या मशीन व्हायरसनं एकेक करून बसल्या. जुनी सिस्टिम कुणाच्या तरी सीडीवरून कॉपी करून टाकलेली होती, तिचं औषध आमच्याकडे नव्हतं. सर म्हणाले, "बरंच झालं. आता लिनक्स टाकू. फुकट हाय, आणि आपलं हाय."

लिनक्स टाकणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते त्याच्या नंतरचं. नव्यानं टाकलेली सिस्टिम म्हणजे नुसत्या चार भिंती. मराठी फॉन्ट नाही, मराठी कीबोर्ड नाही, प्रिंटर ओळखत नाही, आमच्या प्रोग्रामला लागणारा कंपायलर नाही, प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं उघडायचं राहिलेलं. मुश्ताकची तक्रार वेगळीच होती. "सर, गाना भी नहीं बजता इसमें." हे सगळं एका मशीनवर हातानं करायला अख्खी सकाळ जायची, आणि लोडशेडिंगमुळे अख्खी सकाळ कधी मिळायचीच नाही. अर्ध्यात लाइट गेली की काय झालं आणि काय राहिलं, याचा कुणालाच पत्ता नसायचा.

"हातानं करणं बंद," सरांनी जाहीर केलं. "आपण जे जे करतो ते एका फाइलीत वळीनं लिहायचं. मशीननं ती फाइल वाचायची आणि आपलं आपलं करायचं. याला स्क्रिप्ट म्हणतात. सविता, तू लिही."

"मी? मला काय येतं सर?"

"तुला कोपी घालता येती का न्हाई?"

वर्गात तो शब्द मी कधी उच्चारला नव्हता.

"येते," म्हटलं.

"रिकाम्या रानात उतरल्यावर तुझी आई आधी काय करती?"

"चूल."

"आन् पाऊस आला म्हंजे? आधी छप्पर नको?"

"ऊसतोडीच्या दिवसांत पाऊस नसतो सर. भूक असते."

सर हसले. "बराबर. मंग या मशीनची भूक काय, ते सांग."

मी विचार केला. सामान कुठं ठेवलंय ते मशीनला आधी सांगायला हवं होतं. नाहीतर ती प्रत्येक गोष्ट इंटरनेटवर शोधत बसणार, आणि आमचं इंटरनेट होतं नांदेडला. मी तसं बोलले. सरांनी मान डोलवली. "लिही. तीच तुझी चूल."

स्क्रिप्टची पहिली ओळ अशी लिहिली गेली: सामान सीडीवर आहे, तिथून घे. मग फॉन्ट, मग कीबोर्ड, मग प्रिंटर, मग बाकीचं. सगळ्यात शेवटी, मुश्ताकच्या हट्टानं, गाणी.

पहिल्यांदा चालवली तेव्हा सगळ्या मशीनवर एकदम सुरू केली आणि सर आम्हाला कॉलेजसमोरच्या टपरीवर चहाला घेऊन गेले. मशीन राबतायत आणि आपण चहा पितोय, याची त्यांना कोण मौज. दुसरा चहाही त्यांनीच सांगितला. लाइट जायच्या जरा आधी परत येऊन बघतो तर एकाही मशीननं काही केलेलं नव्हतं. प्रत्येक स्क्रीनवर एकच प्रश्न: पुढे जाऊ का? हो की नाही? सगळ्या मशीन आमच्या उत्तराची वाट बघत बसल्या होत्या. आम्ही बघतच होतो तेवढ्यात लाइट गेली.

"वा रे सासुरवाशिणी," सर म्हणाले. "पाणी तापवू का, मीठ टाकू का."

"सर, सासुरवाशीण विचारत बसत न्हाई. करून मोकळी होते."

"व्हय व्हय, राठोड मॅडम. मंग तसं लिहा की. सगळ्याला आधीच हो म्हणून ठेवा."

तसं लिहिलं. तरी लाइटचा घोळ राहिलाच. लाइट आली की स्क्रिप्ट पुन्हा पहिल्या ओळीपासून सगळं करत बसायची, आणि निम्म्यात आली की परत लाइट जायची. फॉन्ट प्रत्येक वेळी टाकले जायचे, प्रिंटरपर्यंत कधी पोचायचंच नाही. मी वैतागून म्हटलं, "सर, याडी मधेच फडात गेली तर परत आल्यावर चूल पुन्हा मांडत न्हाई. आधी बघते. मांडलेली असली तर पुढचं काम धरते."

सर खिडकीपाशी उभे होते. ते वळले. "काय करती म्हणालीस?"

"बघते."

"बघते," सर हळूच म्हणाले. "एवढंच राहिलं होतं बघ आपलं."

मग आम्ही प्रत्येक कामाच्या आधी एक ओळ घातली: हे झालंय का ते बघ, झालं असेल तर सोड. आणि मशीन सुरू झाली की ही फाइल तिनं स्वतःहून वाचायला घ्यायची, अशीही सोय केली.

फाइल पुरी झाली तोवर समितीचा आदला दिवस उजाडला, आणि नेमकी त्याच दिवशी कॉलेजजवळची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाली. ती समितीच्या दिवशी सकाळी बदलून झाली तेव्हा कुठे आम्ही स्क्रिप्ट सुरू केली. समिती दुपारी येणार होती, म्हणजे वेळ पुरत होता. पण समिती सकाळीच आली. प्राचार्य त्यांना चहा पाजून पाजून किती वेळ थोपवणार? लॅबच्या दारात त्यांच्या चपला वाजल्या आणि लाइट गेली.

मला समोर ट्रकच दिसला. मुश्ताक पुटपुटला, "गया." समितीचे अध्यक्ष, जाड चष्म्याचे एक गृहस्थ, काळ्या पडद्यांच्या ओळीकडे बघत उभे राहिले. सर हात मागे बांधून होते. मी त्यांच्या मागे उभी होते, म्हणून मला दिसलं: त्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट आवळून धरलं होतं.

"बसा साहेब," सर म्हणाले. "येईल."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. सोबत आलेल्या लेखनिकाकडे बघितलं. बसले. आणि बऱ्याच वेळानं लाइट आली. सर मला म्हणाले, "सविता, बटणं दाब." मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मशीन चालू करत गेले आणि येऊन सरांच्या शेजारी उभी राहिले. माझेही हात आपोआप मागे गेले.

सगळ्या स्क्रीनवर ओळी सरकू लागल्या. फॉन्ट: झाले आहेत, सोडले. कीबोर्ड: झाला आहे, सोडला. प्रिंटर: करत आहे. कुणी कशाला हात लावत नव्हतं.

"इथं काम कोण करतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"काम झालंय साहेब," सर म्हणाले. "आता निस्तं होऊन राहिलंय."

"कुणी केलं?"

सरांनी हनुवटीनं माझ्याकडे खूण केली. अध्यक्षांनी मला विचारलं, मधेच वीज गेली तर याला कसं कळतं कुठून सुरू करायचं? मी सांगायला लागले. इंग्रजी शब्द आठवेनात, म्हणून कोपीवरूनच सांगितलं. फड, चूल, पाचट, आणि याडी परत आल्यावर आधी बघते ते. मागून कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी मला शेवटच्या मशीनवर मराठीत काहीतरी टाइप करायला सांगितलं. मी माझं नाव आणि तांड्याचं नाव लिहिलं. प्रिंटर खरखरला आणि कागद बाहेर आला. तो त्यांनी घडी करून फाइलीत ठेवला. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मशीनवर मोठ्यानं गाणं सुरू झालं. मुश्ताकनं चाचणीसाठी ते स्क्रिप्टच्या शेवटी घालून ठेवलं होतं. आता मात्र अध्यक्षही हसले.

परवानगीचं पत्र आलं तेव्हा मी पेढे घेऊन सरांकडे गेले. "मला काहून?" म्हणाले. "मी काय केलं? माझे हात तर घरी होते." आणि दोन पेढे उचलले.

सर निवृत्त होऊन आता हट्ट्याला असतात, हळद पिकवतात. फोन केला की विचारतात, "काय गं, हातानं करून राहिलीस का अजून?" मी एका सरकारी कार्यालयात कॉम्प्युटर विभाग सांभाळते. नवी मशीन आली की माझी स्क्रिप्ट लावते आणि हाताखालच्या पोरापोरींच्या मागे हात बांधून उभी राहते.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या तांड्यातली पहिली पदवीधर मी. नोकरी लागली त्या वर्षी दिवाळी झाली, ट्रक आला आणि पुढे निघून गेला. आमच्या घराला कुलूप लागलं नाही.